बघितलंत की थांबावं लागतं

यंदा गणपतीला गाडी घेऊन मालवणात उतरणार असाल, किंवा इथलेच असाल आणि रोज पिशवी घेऊन बाजारात जात असाल, तर एक गोष्ट कानात सांगून ठेवतो. कायद्याचं पुस्तक घरीच ठेवा. आणि निघताना नजरही तिथेच, पुस्तकाच्या शेजारी ठेवून या.

पुस्तकात लिहिलंय भरपूर. गाड्या चालवण्याबाबतचे 2017 सालचे केंद्राचे नियम सांगतात की सिग्नल नसलेल्या पांढऱ्या पट्ट्यांवर पायी माणूस असेल, तर गाडीवाल्याने थांबून त्याला आधी जाऊ द्यायचं. अरुंद चढावर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला साइड द्यायची, हेही जुनंच. मे 2025 मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने मोकळा फुटपाथ हा घटनेच्या 21व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. आता, ज्या फुटपाथवर कोकम सरबताच्या बाटल्या, खाजाच्या बरण्या आणि दुकानदाराची स्वतःची स्कूटर सुखाने जगत असते, तिथे तुम्ही आपला जगण्याचा हक्क कुठे घेऊन जाणार? रस्त्यावरच. म्हणून रस्त्याचा खरा नियम शिकून घ्या. तो एकाच ओळीचा आहे : ज्याने बघितलं, त्याने थांबायचं.

भरड नाक्यावर पाच मिनिटं उभे राहा, पटेल. दोन बाजूंनी दोन गाड्या आल्या की पुढे कोण जातो? ज्याने समोरच्याला पाहिलेलंच नाही तो. दुसऱ्याने पाहिलं, म्हणजे आता जबाबदारी त्याची. त्यामुळे मुरलेला चालक नाक्यावर येताच एकदम डावीकडच्या दुकानाची पाटी वाचू लागतो. गेली वीस वर्षं तीच पाटी आहे, तरी वाचतो. काही जण ऐनवेळी डॅशबोर्डवर सुट्टे पैसे शोधतात. मोबाइलही चालतो, पण गाडी चालवताना तो हातात धरला तर दंड हजारापासूनच सुरू होतो, त्यापेक्षा पाटी स्वस्त.

पायी चालणाऱ्यांनी निराश होऊ नये. तुमच्याकडे छत्री आहे. आमच्याकडे जूनपासून चार महिने ती हातात असतेच, आणि तिच्यासारखं शस्त्र नाही. रस्ता ओलांडताना ती गाड्यांच्या बाजूला कलती धरा, म्हणजे तुम्हाला गाडी दिसत नाही आणि गाडीवाल्याला तुमचा चेहरा दिसत नाही. वारा कुठल्याही दिशेचा असो. उन्हाळ्यात छत्री नसली तर पाठ वापरा. मधोमध कोणीतरी ओळखीचं भेटतंच. तिथेच थांबून ‘खंय चललंस?’ ‘ह्यो हयच’ इथपासून सुरुवात करा आणि पोराच्या लग्नापर्यंत जा. कडेला जाऊन बोलता येत नाही, कडेला मोटारसायकली लावलेल्या असतात. मागून हॉर्न वाजला तर आवाज थोडा चढवा, मान वळवू नका. वळवलीत की गेलात.

हात दाखवण्याबाबत मात्र जपून. एसटीची ‘हात दाखवा, गाडी थांबवा’ योजना सगळ्यांच्या डोक्यात इतकी बसलीय की हात वर केला की आपोआप काहीतरी थांबेल असं वाटतं. पण हात दाखवलात म्हणजे गाडी बघितलीत, हे तुम्हीच कबूल केलंत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अगदीच दाखवायचा झाला तर पंजा गाडीकडे आणि तोंड सोनाराच्या दुकानाकडे. सराव लागतो.

पांढऱ्या पट्ट्यांबद्दल कोणी विचारलं तर सांगा की ही पद्धत 1951 साली इंग्लंडात सुरू झाली. तिथे पाऊस बारीक पडतो. आमच्याकडे पहिल्या मृगात अर्धे पट्टे जातात आणि उरलेल्यांवर रिक्षा लागतात.

आता सगळ्यात धोक्याचा प्राणी : थांबणारा. हा बहुधा बाहेरून आलेला असतो, पांढरी मोठी गाडी, आत मोबाइलमधली बाई त्याला ‘दोनशे मीटरवर उजवीकडे वळा’ सांगतेय, बंदर जेटी शोधत असतो. तो तुम्हाला बघतो, चक्क थांबतो आणि हसून हात करतो, या म्हणून. जाऊ नका! तो थांबला, पण मागच्या दुचाकीने काय त्याच्याबरोबर करार केलाय? तिला एवढंच कळतं की पुढची गाडी विनाकारण अडलीय, आणि ती डाव्या बाजूने, म्हणजे नेमकी तुमच्या पायांवरून, वाट काढते. माझ्या शेजारच्या मास्तरांचा घोटा अशाच एका सज्जन माणसामुळे दीड महिना प्लास्टरात होता. सज्जन माणूस नंतर दवाखान्यात शहाळं घेऊन आला होता. दुचाकीवाला नाही आला. त्याने कुठे काय बघितलं होतं?

गुरांना हे कोणी शिकवावं लागत नाही. गाय नाक्यावर बसते, रवंथ करते, कोणाकडे बघत नाही. तिला एसटीसुद्धा वळसा घालून जाते.

एक अपवाद आहे, तो लपवत नाही. दिवाळी पाडव्याला रामेश्वर-नारायणाची पालखी निघते तेव्हा हेच लोक थांबतात. गाडी बंद करतात, चपला काढतात, आणि न सांगता सगळे एकाच दिशेला बघतात. रस्ता तोच, रुंदी तीच. दुसऱ्या दिवशी भाऊबीज असते, बहिणीकडे वेळेवर पोचायचं असतं.

या शास्त्रात मी स्वतः कच्चा आहे हे कबूल करतो. गेल्या महिन्यात स्कूटरवरून बाजारातून येत होतो. समोरून डोक्यावर म्हावऱ्याची पाटी घेतलेली एक म्हातारी रस्ता ओलांडत होती. पाटी असली की मान वळतच नाही, त्यामुळे ती या खेळातली जन्मजात विजेती. माझी मान मात्र मोकळी होती. मी बघितलं, आणि थांबलो. मागे तीन हॉर्न, एक शिवी. म्हातारी माझ्या चाकासमोर आली, उभी राहिली, पाटीला एक हात लावून तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि काळजीने विचारलं,

‘‘काय रे झिला, पेट्रोल संपला काय?’’