भुईमूग, एकादशी आणि माझी एक चूक

सर, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "भुईमूग हे कडधान्य, असं तुम्ही ठोकून दिलंत. मग एकादशीला मूग-मटकी चालत नाही आणि दाण्याचं कूट कसं चालतं? वाण्याकडेही दाणे काजू-बदामांच्या शेजारी असतात. इंग्रजीत तर नावातच 'नट' आहे. अर्धवट माहिती पसरवू नका." निवृत्त शिक्षकाचा लाल पेन चाललाय हे लगेच कळलं. एका जागी तो बरोबर चाललाय, पण त्याकडे शेवटी येतो.

आधी इंग्रजी नाव. 'पीनट'मधला 'नट' तुम्ही घेतलात, 'पी' सोडून दिलात. 'पी' म्हणजे वाटाणा. म्हणजे अर्धं नाव माझ्या बाजूचं. आपल्या शब्दात तर वादच नाही, भुईतला मूग.

नावापेक्षा झाड बघा. आमच्या शेतात पीक ४०-४५ दिवसांचं झालं की आजोबा त्यावरून रिकामा ड्रम फिरवायचे. उभं पीक लोळवताय काय, असं मला लहानपणी वाटायचं. कारण नंतर कळलं. भुईमुगाचं पिवळं फूल जमिनीच्या वर येतं, वाटाण्याच्या फुलासारखंच दिसतं. फलन झालं की फुलाच्या बुडाशी देठासारखी आरी फुटते आणि खाली वाढत मातीत शिरते. टोकाला बीजांडकोश असतो, तो अंधारात आडवा होऊन फुगतो आणि त्याची शेंग होते. जी आरी मातीपर्यंत पोचत नाही तिला शेंग धरत नाही, म्हणून तो ड्रम. मुळं उपटून बघितलीत तर नत्राच्या गाठीही दिसतील, हरभऱ्याला असतात तशाच.

तुम्ही म्हणाल, शेंग वाळली की तडकते, भुईमुगाची कुठे तडकते? नाही तडकत. चिंचही तडकत नाही, ती याच कुळातली. (टरफलांचा विषय महाराष्ट्रातल्या शिक्षकांपुढे फार लांबवू नये, म्हणून इथेच थांबतो.)

गंमत म्हणजे वाण्याच्या त्या फळीवरचे बाकीचेही वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात 'नट' नाहीत. बदाम ही आंब्याच्या कोयीसारख्या आठळीच्या आतली बी. काजू बोंडाखाली लटकतो, कोकणातला माणूस त्याला सरळ 'बी'च म्हणतो. खरे नट म्हणजे हेझलनट, चेस्टनट, ओकची फळं. आपल्या घरात त्यांचं येणंजाणं कमीच.

आता एकादशी. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कसावा, बटाटा, मिरची आणि शेंगदाणा, सगळे अमेरिका खंडांतून आलेले. कोलंबसाच्या आधी इकडे कुणी ते चाखलेही नव्हते. जुन्या निषेधांच्या यादीत त्यांची नावं असणार कुठून? माझा अंदाज असा, की यादीत नाव नव्हतं म्हणून दाणा आत शिरला आणि खिचडीला चव आली म्हणून कुणी बाहेर काढला नाही. उपासाला चालतो यावरून त्याचं कूळ ठरत नाही.

एक गंभीर गोष्ट. दाण्याची ॲलर्जी आणि बदाम-अक्रोडाची ॲलर्जी वेगळ्या धरतात; अमेरिकेत पाकिटांवरही त्या वेगळ्या लिहाव्या लागतात. पण काहींना दोन्ही असतात. तेव्हा 'शेंगवर्गीय आहे ना' म्हणून कुणी प्रयोग करू नये, डॉक्टरांना विचारावं.

आणि माझी चूक. 'कडधान्य' हा शब्द मी चुकीचा वापरला. १०० ग्रॅम दाण्यांत साधारण ४८ ग्रॅम स्निग्धांश असतो, मुगात जेमतेम एक-सव्वा. म्हणून शेतीखातं आणि बाजार समिती भुईमूग तेलबियांत मोजतात आणि जागतिक अन्न व कृषी संघटनाही त्याला कडधान्यांत धरत नाही. कूळ मुगाचं, मोजणी करडई-तिळाबरोबर. हे मी लिहायला हवं होतं. लेखात आज 'कडधान्य' खोडून 'शेंगवर्गीय तेलबी' केलंय. 'नट' मात्र घातलेलं नाही.