दीड-दोन वर्षांचं पोर घेऊन अंदमानला निघालात? आधी पॅकेज निम्मं करा

दिवाळी उरकली की 'अंदमान, पाच रात्री सहा दिवस'च्या जाहिराती सुरू होतात, आणि घरात तान्हं असलेले लोक विचारायला लागतात, नेऊ का? खुशाल न्या. पासपोर्टची भानगड नाही, वरणभात सगळीकडे मिळतो, नोव्हेंबरअखेर ते मार्च समुद्र बराच शांत असतो. फक्त ते पॅकेज जसंच्या तसं घेऊ नका. ते बेतलेलं असतं नव्या जोडप्यांसाठी: पोर्ट ब्लेअर, मग हॅवलॉक आणि नील ही बेटं, परत पोर्ट ब्लेअर आणि त्यात एक दिवस बाराटांग बेट. बाराटांगला पहाटे तीन-चारला निघावं लागतं. जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून गाड्या ताफ्याने सोडतात, मध्ये थांबायची परवानगी नाही. पोराने लंगोट भरला तरी नाही. तीन वर्षांखालचं मूल असेल तर हा दिवस सरळ काढून टाका.

माझं मत विचाराल तर सहा रात्री अशा वाटा: पहिली पोर्ट ब्लेअरला, मधल्या चार हॅवलॉकला एकाच हॉटेलात, शेवटची पुन्हा पोर्ट ब्लेअरला. (सरकारी नावं आता श्री विजयपुरम आणि स्वराज द्वीप, पण तोंडात जुनीच आहेत.) शेवटची रात्र कोणी कितीही आग्रह केला तरी सोडू नका. हवा बिघडली की बेटांमधली फेरीबोट रद्द होते, आणि त्याच दिवशीचं विमान असेल तर ते गेलं म्हणून समजा. नीलचा भरतपूर किनारा उथळ आहे, छान आहे, पण हाताशी आठ रात्री असतील तरच.

घड्याळाचं गणित कोणी सांगत नाही. अंदमान मुंबईच्या जवळजवळ वीस रेखांश पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र आपलंच. त्यामुळे सूर्य सुमारे एक तास वीस मिनिटं आधी उगवतो. डिसेंबरात पाचच्या सुमाराला मावळतोसुद्धा. घरी सातला उठणारं मूल तिथे साडेपाचला टुणकन उठून बसतं. त्याच्याशी भांडू नका. सहा ते साडेआठ पाण्यात, मग आंघोळ, खाणं, झोप. बाहेर पडायचं ते साडेतीननंतर. दहा ते तीन वाळूवर नेण्यात अर्थ नाही. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीन लावत नाहीत, त्याला सावली आणि पूर्ण बाह्यांचे सुती कपडे.

हॉटेल ठरवताना 'बीचफ्रंट' शब्दाला भुलू नका. हॅवलॉकची बरीच हॉटेलं पूर्व किनाऱ्यावर, विजयनगर-गोविंदनगरकडे आहेत. ओहोटीला तिथे पाणी लांब आत जातं आणि उघडे पडतात मेलेल्या प्रवाळाचे धारदार दगड. रांगणाऱ्या पोराचे गुडघे सोलवटतात. वाळू हवी तर राधानगरचा किनारा; जेट्टीपासून साधारण बारा किलोमीटर, टॅक्सी सांगून ठेवावी लागते. भरती रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा जायच्या तारखांचा पोर्ट ब्लेअरचा तक्ता आधीच काढून ठेवा. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा हिशेब मुंबई-कोकणचा, तो तिथे लावू नका. आणि मगरींचे फलक शोभेचे नसतात: खाडीच्या तोंडाशी, खारफुटीजवळ घोटाभर पाण्यातसुद्धा मूल सोडायचं नाही.

हॅवलॉकचं एलिफंट बीच टाळा. तिथे नेणाऱ्या छोट्या स्पीडबोटीत अर्भकाच्या मापाचं लाइफ जॅकेट बहुधा नसतं. मोठ्यांचं अंगावर चढवलं तर मूल त्यातून खाली निसटतं. दंडाला लावायचे फुगे हे खेळणं आहे, सुरक्षा नव्हे.

फेरीत खालच्या मजल्यावर, मधल्या किंवा मागच्या रांगेत जागा घ्या, पुढे हेलकावे जास्त. दोन वर्षांखालच्यांना बोट सहसा कमीच लागते, लागते ती त्यांना मांडीवर घेणाऱ्याला. म्हणून धरायला दुसरं माणूस हवंच. एसी कडक असतो, स्वेटर वरच्या पिशवीत. उलटीवरचं प्रोमेथाझिन दोन वर्षांखाली देत नाहीत. औषध डॉक्टरांकडून लिहून घ्या.

औषधांच्या पिशवीत खरा घोळ होतो तो पॅरासिटामॉलचा. थेंबांच्या बाटलीत साधारण १ मिलीत १०० मिग्रॅ असतं, सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा २५० मिग्रॅ. १० किलोच्या मुलाचा १५० मिग्रॅचा डोस म्हणजे थेंबांचे दीड मिली, २५०च्या सिरपचे ३ मिली. घाईत एकाचं माप दुसऱ्याला लावलं की डोस दुप्पट नाही तर अर्धा. एकच बाटली न्या आणि डॉक्टरांनी सांगितलेलं माप तिच्यावरच मार्करने लिहा. ओआरएसचंही तसंच: मोठी पुडी १ लिटरला, छोटी २०० मिलीला. मोठी पुडी ग्लासभर पाण्यात घातली तर मिठाचं प्रमाण इतकं वाढतं की मूल जास्तच आजारी पडेल. हॅवलॉकला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, मोठं रुग्णालय पोर्ट ब्लेअरला, मधे समुद्र. ताप उतरत नसेल, मूल पीत नसेल, तर दुपारच्या शेवटच्या फेरीच्या आधी निर्णय घ्या, संध्याकाळी नाही.

खाण्याचं फार ओझं नको. पातळ पोहे भाजून, मिक्सरमधून काढून डबाभर न्या. उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं झाकलं, वर मेतकूट-तूप, की झालं. नाचणीसत्त्व हॉटेलच्या किटलीत शिजवू नका, तळाला लागतं आणि उतू जातं. मऊ भात हवा असेल तर स्वयंपाकघरात तासभर आधी सांगा, बहुतेक जण आनंदाने करून देतात. पावडरचं दूध मात्र पूर्ण प्रवासाचं घरून. तुमचाच ब्रँड बेटावर मिळेल याची खात्री नाही. लंगोट दिवसाला सहा धरा, वर दहा जादा, आणि वापरलेले बेटावर कुठेही न टाकता पिशवीत बांधून परत पोर्ट ब्लेअरला.

विमानात दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसतं, पण वयाचा पुरावा लागतो. जन्मदाखला हातातल्या पिशवीत ठेवा. परतीच्या दिवशी हॉटेल सोडण्यापूर्वी पोराच्या खिशातली वाळू झटका, खेळण्यांची बादली उलटी करा. लहान मुलं प्रवाळाचे पांढरे तुकडे भराभर गोळा करतात. वन्यजीव कायद्याने मेलेला प्रवाळही नेता येत नाही, आणि विमानतळाच्या स्कॅनरवर तो सापडला की वय दोन वर्षं हे कारण कोणी ऐकून घेत नाही.