कासचं तिकीट

कास पठारावर जायला लागणाऱ्या तिकिटावरून मामेभावानं घरच्या ग्रुपवर लिहिलं, 'कास आपलं. सातारकराला कसली फी आणि कसलं बुकिंग?' खाली अंगठ्यांची रांग, त्यात माझ्या सख्ख्या बहिणीचाही. इथं मेलबर्नला रात्रीचे अकरा वाजले होते. झोप उडाली.

जानेवारीत आम्ही विल्सन्स प्रॉम या इथल्या राष्ट्रीय उद्यानात गेलो होतो. तिथल्या टायडल रिव्हरच्या तळावर तंबूची जागा हवी तर बॅलटमध्ये, म्हणजे सोडतीत, नाव घालावं लागतं. आमचं आधीची दोन वर्षं लागलं नव्हतं. गर्दीच्या दिवसांत ओबेरॉन डोंगराच्या पायथ्याला शटल बसनंच जायचं. कुत्र्याला बंदी. फायटॉफ्थोराची बुरशी मातीतून पसरते आणि ग्रासट्री, बँक्सिया या तिथल्या झाडांची मुळं कुजवते, म्हणून बूट घासायचे. माझी लेक वाटेच्या तोंडाशी बसून काडीनं तळव्याच्या खाचांतली माती उकरत होती. 'आम्ही इथलेच' म्हणून कुणी हुज्जत घातली नाही. हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. तिथं गेटवर २०१० पासून प्रवेशाचे पैसेच घेत नाहीत, एवढं मात्र गाळलं.

पण कासचं दुखणंही तुडवणाऱ्या पायांचंच आहे. जांभ्याच्या सड्यावर माती जेमतेम बोटभर, त्यात गेंद, तेरडा, सीतेची आसवं, दवबिंदू. डबक्यात वायतुरा, त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कास युनेस्कोच्या यादीत गेलं आणि हंगामात शनिवार-रविवारी घाटात गाड्या अडकायला लागल्या. दिवसाला तीन हजार माणसं हा आकडा ठरला तो त्यामुळं. फीच्या पैशातून कास, एकीव, आटाळी, कासाणीची पोरं पठाराची राखण करतात. त्यांच्या हातावर शंभर-दीडशे रुपये ठेवायला सातारकराला जड का जावं? पाणी तर आपण कास तलावाचंच पितो.

पठाराला घातलेल्या तारेच्या कुंपणानं नुकसानच झालं, हे मामेभावाचं म्हणणं मात्र खरं होतं. गुरं अडली, गवत माजलं, फुलं दबली, अशी ओरड झाली आणि तारा काढाव्या लागल्या.

मग त्यानं विचारलं, 'दादा, तू कासला शेवटचा कधी गेलास?'

२०१५. त्याच्याही आधीचं कास मला जास्त आठवतं. आई दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्यायची, एसटीनं जायचो आणि फुलांवरच सतरंजी अंथरायचो. उठल्यावर खाली चौकोनी डाग दिसायचा, गेंदाची पांढरी बोंडं चिखलात चेपलेली. आम्हाला कुणी अडवलं नाही. अडवायला हवं होतं.

प्रॉमच्या तोंडाशी, यानाकीच्या चिंचोळ्या पट्टीवर, दहा किलोमीटर कुंपणाचं काम सरकारनं हाती घेतलं. कोल्हे, मांजरं, हरणं बाहेर राहावीत म्हणून. त्यातलं हॉग डिअर आपल्याकडचं, १८६०च्या दशकात आणलेलं. परतताना संध्याकाळी एक रस्त्याकडेला दिसलं. ठेंगणं, मान खाली घालून चरणारं. मी गाडी थांबवली. इतक्या पिढ्या इथं जन्मल्या, तरी कागदोपत्री ते बाहेरचंच. कुंपण योग्यच आहे, तिथल्या झाडोऱ्याला त्याची गरज आहे. तरी काच खाली करून मी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिलो, आणि बायकोनंही 'चला' म्हटलं नाही.

मामेभावाला उत्तर सकाळी दिलं. सप्टेंबरात येतोय. कासचं बुकिंग मी करतो, तुझ्या घरच्यांचंही.