कोजागिरीला गळ टाकणाऱ्यांनो, आधी तिथीची पाऊणपट करा

दसरा जवळ आला की कराड-पाटणच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर दरवर्षी जवळजवळ तोच. नारळी पौर्णिमा झाली की समुद्र शांत, ऑक्टोबरात तर तळ्यासारखा. पाऊस थांबला की खाडी मासळीने भरते, कंबरभर पाण्यात उभं राहून कुठंही गळ टाका. पौर्णिमा-अमावस्येला दुप्पट मासा लागतो, म्हणून कोजागिरीची संध्याकाळ चुकवू नका. आणि मोठा मासा हवा तर कोळ्याच्या होडीतून जितकं लांब जाल तितकं उत्तम. खाली सुरमई धरलेल्या कुणाचा तरी फोटो. मी कृष्णेत मरळ आणि वाम धरत मोठा झालो. गेली काही वर्षं कुंभार्ली घाट उतरून दाभोळ-गुहागरकडे जातो. हा मेसेज खरा मानून दोनदा रिकामी पिशवी घेऊन घाट चढलोय.

नारळापासून सुरू करू. नारळी पौर्णिमा २०२३ साली ३० ऑगस्टला होती, २०२४ साली १९ ऑगस्टला. अधिक महिन्यामुळे सण पुढं सरकतो, वारा नव्हे. यांत्रिक नौकांवरची पावसाळी बंदी तर ३१ जुलैलाच संपते. ऑक्टोबर ते डिसेंबर हा अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचा दुसरा हंगाम, हे त्या मेसेजमध्ये कधीच नसतं. २०१९ च्या ऐन दिवाळीत ‘क्यार’ उठलं. ते आपल्या किनाऱ्याला न धडकता ओमानच्या दिशेनं गेलं, तरी कोकणात लाटा गावात शिरल्या, आणि त्याच्या पाठोपाठ ‘महा’ आलं. त्याआधी ११ नोव्हेंबर २००९ ला ‘फयान’नं कोकण झोडपलं होतं. वादळ नसलं तरी समुद्र तळ्यासारखा दिसतो तो सकाळी, जमिनीवरून मतलई वारा वाहत असतो तेव्हा. ऊन चढलं की खारे वारे सुटतात आणि दुपारी तीच होडी आपटायला लागते. आपण घाटावरचे लोक नाष्टा करून निघतो आणि नेमके दुपारी पोचतो!

खाडीचा मुद्दा आपण सातारकरांनी पुढं पाठवावा याची मात्र गंमत वाटते. कोयना धरणात साठलेलं पाणी वीज करायला सह्याद्रीच्या पोटातून पोफळी-कोळकेवाडीकडं उतरतं, तिथून वाशिष्ठीला मिळतं आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत जातं. म्हणजे महाबळेश्वरात जुलैला पडलेला पाऊस दिवाळीतही त्या खाडीत येतच असतो. पाऊस थांबला म्हणून वाशिष्ठी लगेच खारी होत नाही. गोडं पाणी हलकं, ते वर राहतं. भरतीचं खारं पाणी त्याच्या खालून सरकतं. बोयरा, म्हणजे गळाच्या दोरीवरचा तरंग, लावून हातभर खोलीवर आमिष सोडाल तर ते गोड्या पाण्यात लोंबकळत राहील, ही आमची पहिली चूक. गोडं-खारं दोन्ही सोसणारे मासे खाडीत असतात: तांबोशी, जिताडा, काळुंदर, बोय. पण ते ‘कुठंही’ नसतात. खारफुटीच्या मुळांपाशी, खडकाच्या आडोशाला, पाणी वळतं तिथं असतात.

आणि कंबरभर पाणी? वाशिष्ठीत मगरी आहेत. लोक पैसे देऊन होडीतून त्या बघायला येतात. तिथं पाण्यात उतरायचा सल्ला देणारा माणूस त्या काठाला कधी गेला असेल असं वाटत नाही.

आता कोजागिरी. इथं कोकणातला साधा हिशोब कामाला येतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारी आणि रात्री सव्वाअकरा-साडेअकराच्या सुमारास पूर्ण भरती, आणि तिथून सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. मेसेजनं सांगितलेली संध्याकाळ म्हणजे नेमकी साडेपाचची ओहोटी! आम्ही दुधाची किटली घेऊन पोचलो तेव्हा समोर चिखल होता आणि त्यावर पळणारे खेकडे. पाणी आलं ते अंधार पडल्यावर, आणि उधाणाचं, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या मोठ्या भरतीचं, असल्यानं असं जोरात की गळाचं शिसं तळाला टिकेना. उधाणात पाण्याबरोबर मासाही हलतो, एवढं खरं. ती ओढ ओळखणाऱ्या तिथल्या माणसाला त्याचा फायदा होतो. आपल्यासारख्या नवख्याला अष्टमी-नवमीची भांगाची, म्हणजे लहान, भरती बरी. ओढ कमी, आणि आठाची पाऊणपट सहा: भरती पहाटे आणि तिन्हीसांजेला. खाडीत जितकं आत जाल तितका थोडा उशीर धरायचा.

लांब जाण्याचं थोडक्यात सांगतो. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याजवळ खालचं थंड, प्राणवायू कमी असलेलं पाणी वर सरकतं आणि पावसाच्या गोड्या पाण्याचं त्यावर झाकण बसतं. त्यामुळं सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाशी प्राणवायू फार कमी होतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हे मोजलेलं आहे. तळाचा मासा तिथं थांबत नाही. सुरमई आणि कुपा हे वरच्या पाण्यातले, बांगडा-तारलीच्या थव्यामागं फिरणारे. थवा किनाऱ्याजवळ असेल तर तेही जवळ. शिवाय मासेमारीची नौका प्रवासी नेण्यासाठी नोंदलेली नसते. गेल्या वर्षी एका तांडेलानं, म्हणजे होडीच्या प्रमुखानं, आम्हाला सरळ ‘नाय’ म्हटलं. मेसेज वाचून आलेल्या शेजारच्या गाडीतल्या मंडळींना त्याचा राग आला, मला नाही.

‘पाऊस थांबला की मासळी’ या मेसेजमधल्या बोलण्यात एवढं खरं: पावसानंतरचे हे महिने बांगड्याचे. पण तो बंदरावरच्या लिलावातसुद्धा मिळतो.

आम्ही यंदा कोजागिरी घरीच करतोय. दूध गच्चीवर. निघायचं अश्विन वद्य सप्तमीच्या रात्री, म्हणजे अष्टमीला सहाच्या भरतीआधी दाभोळसमोरच्या धोपाव्याच्या जेट्टीवर.