मामा, त्या लिंकवर सही करू नका

पॅरिस ऑलिम्पिकच्या हॉकीच्या उपांत्य सामन्यात जर्मनीने आपल्याला 3-2 ने हरवलं, तेव्हापासून एक मेसेज फिरतोय तो काही केल्या मरत नाही. परवा मामांनीच तो घरच्या ग्रुपवर टाकला, वर तीन लालबुंद चेहरे. मजकूर असा: जर्मनीने अर्जेंटिनाचा बचावपटू गोन्झालो पेयाट पैसे मोजून रातोरात पळवला, हे नियमाविरुद्ध आहे, आपल्यावरचे सगळे गोल त्यानेच मारले, तरी सुवर्ण जिंकलेल्या जर्मनीचं पदक काढून भारताला द्यावं, खालच्या लिंकवर सही करा.

रातोरात म्हणे! ऑलिम्पिक सनदेतला नियम 41 कुणी उघडून तरी पाहिलाय का? देश बदलणाऱ्या खेळाडूने आधीच्या देशाकडून शेवटचं खेळल्यावर साधारण तीन वर्षं थांबायचं असतं. पेयाट 2018 च्या विश्वचषकात अर्जेंटिनाकडून खेळला, पुढे तिथल्या संघाशी त्याचं बिनसलं आणि जर्मनीची जर्सी अंगावर आली ती 2022 मध्ये. मधलं टोकियो ऑलिम्पिक पाण्यात गेलं. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये 11 गोल मारून स्पर्धेत पहिला आलेला, सुवर्णपदक गळ्यात असलेला माणूस ऐन उमेदीत एक अख्खं ऑलिम्पिक सोडतो, आणि आपण म्हणायचं रातोरात. रिओच्या उपांत्य सामन्यात त्याने हॅटट्रिक ठोकली होती तीही जर्मनीविरुद्धच. जर्मनीतल्या मानहाइमच्या क्लबकडून तर तो देश बदलण्याआधीपासूनच खेळत होता.

एक मात्र कबूल करावं लागतं. खेळाडू घडवला अर्जेंटिनाने आणि तयार फळ मिळालं जर्मनीला. अर्जेंटिनावाले चिडले तर समजू शकतो. आपण कशाला? 2023 ला भुवनेश्वरमध्ये, आपल्याच मैदानावर, विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलिया 2-0 ने पुढे असताना पेयाटने पेनल्टी कॉर्नरवर (गोलरेषेवरून आत ढकललेल्या चेंडूवर मिळणारी गोलची संधी) तीन गोल केले, तिसरा 59 व्या मिनिटाला. जर्मनी 4-3 ने जिंकली, पुढे विश्वचषकही घेऊन गेली. तेव्हा कुणाला नियम आठवला नाही.

आपल्याविरुद्धचे सगळे गोल त्याचे? एक. 18 व्या मिनिटाचा, पेनल्टी कॉर्नरवर. दुसरा ख्रिस्टोफर र्‍यूरचा, पेनल्टी स्ट्रोकवर, म्हणजे समोर फक्त गोलरक्षक असताना. तिसरा 54 व्या मिनिटाला मार्को मिल्टकाऊचा. आणि रडायचंच असेल तर अमित रोहिदाससाठी रडा. पेनल्टी कॉर्नरला चेंडू डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, टोकावर थांबतो न थांबतो तोच ड्रॅगफ्लिक (स्टिकने ओढत भिरकावलेला फटका) मारणाऱ्याच्या अंगावर धावून जाणारा आपला पहिला माणूस तोच. आधीच्या सामन्यात ब्रिटनविरुद्ध लाल कार्ड मिळालं म्हणून त्या दिवशी तो बाहेर बसला होता.

‘बचावपटू कसा काय गोल मारतो’ असंही कुणीतरी खाली विचारलंय. आपला कर्णधार हरमनप्रीत कोण होता मग? तोही बचावपटूच. त्याच स्पर्धेत सर्वाधिक, 10 गोल.

आणि जर्मनीचं ते सुवर्ण? अंतिम सामन्यात नेदरलँड्सशी 1-1, मग शूटआउटमध्ये हार. रौप्य मिळालं, मामा.