सतरा किलोंचा लेखापरीक्षक

माझी 36 वर्षे ग्वाल्हेरच्या महालेखाकार कार्यालयात दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली. आमच्या आक्षेपांना येणारे उत्तर ठरलेले असे: ‘माहिती संकलित करण्यात येत असून यथावकाश कळवण्यात येईल.’ ते यथावकाश माझ्या निवृत्तीपर्यंत काही उजाडले नाही. निवृत्तीनंतर मात्र खुद्द माझेच लेखापरीक्षण सुरू होईल, आणि तेही एका सायकलीकडून, याची मला कल्पना नव्हती.

ही सायकल पुतण्याची. विजेची, डोंगरवाटांसाठी बनवलेली आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे ‘एकदम हलकी’. पुण्यात ती घेऊन दोन महिने होत नाहीत तोच त्याला कामासाठी परदेशी जावे लागले. ती बरोबर नेण्याचा त्याचा बेत विमानाच्या नियमाने मोडला. 160 वॅट-अवरपेक्षा मोठी लिथियम बॅटरी प्रवाशाला कोणत्याच सामानातून नेता येत नाही, आणि हिची बॅटरी 320 वॅट-अवरची, तीही सांगाड्याच्या पोटात बसवलेली. तेव्हा ‘काका, नुसती पडून राहण्यापेक्षा तुम्ही चालवा, तब्येतीला बरे’ असे म्हणून त्याने ती ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्या घरी धाडली.

हलकी म्हणजे 17 किलो. या जातीच्या इतर सायकली 22 ते 25 किलोंच्या असतात, मोटार आणि बॅटरी लहान ठेवून हिचे वजन उतरवले आहे, असे पुतण्याने सांगितले आणि ते खरेही आहे. परंतु दौलतगंजातल्या आमच्या जुन्या घराचा दगडी जिना, ज्याची एक पायरी दुसरीसारखी नाही, तो चढताना खांद्यावरचे 17 किलो कोणाच्या तुलनेत हलके आहेत या माहितीचा काडीइतकाही उपयोग होत नाही. मी मधल्या वळणावर टेकलो तेव्हा वरून प्रश्न आला, ‘‘अहो, हलकी आहे ना? मग बसलात का?’’

पहिला आक्षेप निघाला तो वजनाचाच, पण सायकलीच्या नव्हे. हिच्या मागच्या चाकाला हादरे सोसणारा, हवेवर चालणारा शॉक आहे आणि त्यात स्वाराच्या वजनाप्रमाणे छोट्या पंपाने हवा भरावी लागते. पुतण्याने व्हिडिओवरून विचारले, ‘‘काका, वजन किती?’’ स्वयंपाकघरातून ही ऐकत होती, म्हणून मी 76 सांगितले. त्या हिशेबाने हवा भरून मी सायकलीवर बसलो, उतरलो. शॉकच्या दांड्यावर एक रबरी कडे असते. ते आपल्या भाराने जिथवर सरकते तिथेच राहते, आणि ते दांड्याच्या सुमारे पंचवीस ते तीस टक्क्यांवर थांबावे अशी अपेक्षा असते. माझे कडे पार निम्म्याच्या पुढे जाऊन बसले होते. पुतण्या थोडा वेळ गप्प राहिला आणि मग मुलाहिज्याने म्हणाला, ‘‘काका, आपण 86 धरून भरू या का?’’ एवढ्या सभ्य शब्दांत आक्षेप मांडायला मला नोकरीत 20 वर्षे लागली होती.

आमची पिढी सायकल शिकली ती कैचीत, आणि नंतर जन्मभर टांग मारून चढली: डावा पाय पेडलवर, उजव्या पायाने जमिनीला दोन रेटे, आणि मग टांग. या पद्धतीत काही दोष असू शकतो असे साठी उलटेपर्यंत कोणी सांगितले नव्हते. हिच्या क्रँकपाशी, म्हणजे पेडलच्या दांड्यांपाशी, मात्र जोर मोजणारा सेन्सर बसवलेला आहे. पेडलवर भार पडला की स्वार निघाला असे तो समजतो आणि मोटारीला तसे कळवतो. मी डावा पाय ठेवला, नीट सांगितलेले 86 किलो त्यावर टाकले, आणि आदल्या संध्याकाळी नातवाने ‘टर्बो’वर, म्हणजे मोटारीच्या सर्वाधिक मदतीवर, ठेवलेली ती सायकल माझी टांग मागेच ठेवून गल्लीत पसार झाली. हँडल सोडायचे नाही एवढी शुद्ध मला होती, त्यामुळे मीही तिच्या मागोमाग उजव्या पायावर लंगडी घालीत कोपऱ्यावरच्या बेडईच्या, म्हणजे डाळ भरलेल्या पुऱ्यांच्या, दुकानापर्यंत गेलो. कढईतून नजर न काढता हलवाई म्हणाला, ‘‘आज पैदल ही आ गए, बाबूजी?’’

शेजारच्या ठाकूरसाहेबांनी हे सारे गच्चीवरून पाहिले होते. त्यांचे प्रश्न दोनच: ‘कित्ते की पड़ी?’ आणि ‘ये तो अपने आप चलती होगी?’ पहिल्याचे उत्तर मला पुतण्याने कधीच खरे सांगितलेले नाही. दुसऱ्याचे मी सविस्तर दिले, कारण या यंत्राचा मला कळलेला आणि मनापासून आवडलेला भाग तोच आहे. ही मुळीच आपोआप चालत नाही. काही शासकीय योजनांत लाभार्थ्याने आपला हिस्सा आधी भरावा लागतो आणि त्या प्रमाणात अनुदान सुटते, तसा हिचा कारभार आहे. तुम्ही पेडलवर 70 वॅट लावलेत तर ती आपल्या पदरचे तेवढेच, किंवा टर्बोत त्याहून बरेच जास्त घालते. तुम्ही काहीच लावले नाहीत तर तीही काहीच देत नाही, कारण शून्याची कितीही पट केली तरी ती शून्यच. शिवाय मोटार 250 वॅटच्या आत आणि वेग ताशी 25 किलोमीटर झाला की मदत बंद, म्हणून कायद्याच्या लेखी ती मोटारगाडी ठरत नाही; ना परवाना, ना नंबर. ठाकूरसाहेबांनी सर्व ऐकून घेतले आणि खाली जाऊन घरच्यांना सांगितले, ‘‘अपने आप चलती है.’’

किल्ल्यावर जायचे मी दुसऱ्याच दिवशी ठरवले. नोव्हेंबरची सकाळ होती. ही मफलर घेऊन मागे आली. सायकलीच्या वरच्या दांडीत एक इवलासा पडदा आहे, त्यावर 18 आकडा झळकत होता. मी तिला दाखवून म्हणालो, ‘‘अठरा अंश आहे, मफलर कशाला?’’ स्वाराला हवामानही सांगणारी सायकल करणाऱ्यांचे मला मनोमन कौतुक वाटले.

शिंदे की छावणीपर्यंत मी जणू कोणी मागून पाठीला हात लावून ढकलीत आहे असा गेलो. लहानपणी वडील तसा हात लावीत आणि आपल्याला न सांगता काढून घेत, हे मला तेव्हाच आठवायला हवे होते. उरवाई गेट ही किल्ल्याची पश्चिमेकडची बाजू; मोटारी याच घाटाने वर जातात. आजवर मी येथून चढलो तो नेहमी पाहुण्यांच्या गाडीत, मागच्या सीटवरून माहिती देत. आता तीच चढण अंगावर आली तेव्हा मी गिअर हलका केला, टर्बो लावला आणि चक्क बसल्या बसल्या वर जाऊ लागलो. पहाटे फिरायला निघालेली तरणी मंडळी मागे पडत होती. पडद्यावर 14 आले, मग 9. उंचीवर तापमान उतरते हे भूगोलात शिकलो होतोच. मात्र मला दरदरून घाम का सुटतो आहे, हा प्रश्न मी पुढे ढकलला.

या वाटेला दोन्ही अंगांच्या कड्यांत पंधराव्या शतकात, तोमर राजांच्या काळी कोरलेल्या तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत. सर्वांत मोठी आदिनाथांची, 57 फुटांची. त्यांतल्या कितीतरी कायोत्सर्ग मुद्रेत, म्हणजे देहाची आसक्ती सोडून ताठ उभ्या आहेत. त्यांच्या समोर आलो आणि मागचा हात निघाला. मोटारीची बारीक गुणगुण थांबली, पेडल दगडाचे झाले, आणि पडद्यावर आकडा होता 0.

ग्वाल्हेरला शून्य अंश! एवढे सेकंदभर मला खरेच वाटले. मग 36 वर्षांची विद्या कामी आली आणि उलगडा झाला की तो आकडा बॅटरीचा आहे, सकाळी शिल्लकच 18 टक्के होती, आणि बाकीची नातवाने गल्लीत फेऱ्या मारून खर्ची टाकलेली आहे. आरंभीची शिल्लक न पाहता कामाला लागलेल्या कारकुनांना मी काय काय ऐकवले होते, तेही शब्दशः आठवले.

याच किल्ल्याच्या पूर्वेच्या चढावर एका खडकात कोरलेले चतुर्भुज मंदिर आहे. त्यातल्या इसवी सन 876 च्या शिलालेखात देवाच्या फुलबागेची लांबी 270 हात, रुंदी 187 हात आणि रोजच्या माळा 50 अशी नोंद आहे, आणि 270 व 50 मधले शून्य आजच्यासारखे वाटोळे काढलेले आहे. जगातल्या फार जुन्या शून्यांपैकी ते एक. शेवटी तोही हिशेबाचाच कागद, म्हणून मी प्रत्येक पाहुण्याला तिकडे नेऊन ‘शून्य आमच्याकडे आहे’ असे अभिमानाने सांगत आलो. आता डोंगराच्या या अंगालाही एक झाले.

उरलेला चढ मी 17 किलो ढकलीत पार केला. मघा मागे टाकलेली तरणी मंडळी ‘दादाजी, धक्का दें?’ असे विचारीत पुढे गेली.

उतारावर मोटारीची गरज नव्हती, पण ब्रेकची होती. ते तेलाच्या दाबावर चालतात आणि एका बोटाने दाबायचे असतात. माझ्या हातांना 50 वर्षांची सवय अशी की उजवा पुढच्या चाकाचा, डावा मागच्याचा. ही सायकल परदेशी रिवाजाची, तिचे उलटे. वळणावर समोर फिरायला आलेला घोळका दिसताच मी डाव्या हाताने चारही बोटे आवळली. पुढचे चाक जागीच गोठले, मागचे उचलले गेले, आणि आदिनाथांना माझा नमस्कार कपाळ हँडलला टेकून पोचला. घोळक्यातल्या एका आजोबांनी भक्तिभावाने हात जोडले.

घरी येऊन ‘किल्ल्यावर सायकलने जाऊन आलो’ एवढेच मी सांगितले, आणि त्या विधानात असत्य काहीही नव्हते. दोन बेडई जास्त मिळाल्या. दुपारी पुतण्याचा निरोप आला. सायकल माझ्या फोनमधल्या ॲपला आणि ते ॲप त्याच्या खात्याला जोडलेले आहे, ही बाब मला अवगत नव्हती. त्याने लिहिले होते: ‘‘काका, मस्त! पण शेवटच्या टप्प्यात वेग ताशी 3 किलोमीटर आणि पेडलवर जोर सतत शून्य दिसतो आहे. सेन्सर बिघडला का?’’

मी चष्मा पुसला, निरोप दोनदा वाचला आणि उत्तर लिहिले: ‘‘माहिती संकलित करण्यात येत असून यथावकाश कळवण्यात येईल.’’