‘तक्रार उरत नाही’ हे वाक्य मागे घेताना

ताई, सलाम.

तुमची प्रतिक्रिया रविवारी उपासनेहून घरी आल्यावर वाचली. लगेच उत्तर लिहायला बसलो, तीन परिच्छेद लिहिले आणि पुसून टाकले. ते सगळे माझ्याच बचावाचे होते. आज गुरुवार. आता जे लिहितो आहे ते तुमचं म्हणणं चार-पाचदा वाचून लिहितो आहे.

मूळ लेख ज्यांच्या वाचनात नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या महिन्यात मी बायबलमधल्या गलतीकरांस पत्र 2:20 वर लिहिलं होतं, पौलाच्या ‘मी ख्रिस्ताबरोबर वधस्तंभावर खिळलेला आहे’ या वचनावर. त्यात द्राक्षबागेच्या छाटणीचा दाखला होता आणि एक वाक्य होतं: ‘जो स्वतःला मेला त्याला तक्रार उरत नाही.’ त्यावर ताईंनी लिहिलं की हेच वाक्य त्यांच्या आईला तीस वर्षं ऐकवलं गेलं. वडील पिऊन मारायचे. आई मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, वडीलधाऱ्यांकडे गेली की उत्तर ठरलेलं, ‘हा तुझा वधस्तंभ आहे, उचल.’ आज आईला डाव्या कानाने ऐकू येत नाही. पुढे एका उपदेशकाच्या सांगण्यावरून ‘विश्वासाने जगायचं’ म्हणून बीपीच्या गोळ्या बंद झाल्या आणि अर्धांगवायूचा झटका आला. ताईंचं शेवटचं वाक्य असं: ‘जिच्याकडे स्वतःचं म्हणून काही उरलंच नाही तिला स्वतःला मार म्हणणारी शिकवण मला नको. त्यापेक्षा स्वतःवर प्रेम करायला शिकवा.’

आधी माझं वाक्य. ते चुकीचं आहे. नुसतं कठोर वाटतं म्हणून म्हणत नाही, ते शास्त्राला धरूनच नाही. वधस्तंभावर प्रत्यक्ष खिळलेला असताना प्रभू ओरडला, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ही तक्रारच आहे, बाविसाव्या स्तोत्रातली. त्याच्या आदल्या रात्री महायाजकासमोर एका शिपायाने त्याला चपराक मारली, तेव्हाही तो गप्प बसला नाही. मी वाईट बोललो असेन तर दाखवून दे, नाहीतर मला का मारतोस, असं त्याने तिथल्या तिथे विचारलं. योहानाच्या अठराव्या अध्यायात आहे. हे दोन्ही उतारे मी आयुष्यभर वाचत आलो, प्रत्येक उत्तम शुक्रवारी ऐकत आलो, आणि तरी ते वाक्य लिहिलं.

पौलाचंही तेच. फिलिप्पै शहरात त्याला आणि त्याचा सोबती सीला याला चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकलं. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला की सोडून द्या. पौल जागचा हलला नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, तुम्ही आम्हाला चारचौघांत मारलंत आणि आता गुपचूप घालवता काय, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं, असं त्याने कळवलं. अधिकारी आले आणि त्यांनी विनवणी केली. ‘आता मी जगतो असं नाही’ म्हणणारा हाच माणूस. स्वतःला मरणं म्हणजे फटके खाऊन मागच्या दाराने निघून जाणं असा अर्थ त्याला ठाऊक नव्हता.

पण मला सगळ्यात जास्त हलवलं ते गलतीच्या दुसऱ्या अध्यायाने. आपण विसावं वचन फ्रेममध्ये घालून भिंतीवर टांगतो, त्याच्या आधीचं वाचत नाही. आधी काय आहे? अंत्युखियात प्रभूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांच्या पंगतीला बसून जेवत होता. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही माणसं आली आणि त्यांच्या भीतीने तो हळूच उठून वेगळा झाला. त्याचं पाहून बाकीचे यहूदी उठले, पौलाचा सोबती बर्णबासुद्धा. तेव्हा पौल सगळ्यांच्या देखत त्याला तोंडावर बोलला. त्या भांडणाच्या ओघात पुढे ‘मी ख्रिस्ताबरोबर वधस्तंभावर खिळलेला आहे’ हे शब्द येतात. म्हणजे ज्या वचनाने तुमच्या आईचं तोंड बंद केलं, ते वचन मंडळीतल्या सर्वांत मोठ्या माणसाला भर पंगतीत जाब विचारताना आलेलं आहे. आणि त्यात मेलेला ‘मी’ कोणता? आपल्या माणसांत आपलं नाव शाबूत राहावं म्हणून शेजारच्याचं ताट सोडून उठणारा.

हे मला बाहेरून कळलेलं नाही, ताई. साधारण अठरा वर्षांपूर्वी मी आमच्या मंडळीच्या पंच कमिटीत होतो. एका संध्याकाळी प्रार्थनासभा उठल्यावर एक बाई थांबल्या. आम्ही तिघे होतो. मी त्यांना स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं. त्यांनी उजव्या मनगटावर पदर गुंडाळून धरला होता; पेला घेताना तो सुटला. चार बोटांचे वळ, काळेनिळे, आणि फुटलेल्या बांगडीची एक बारीक चीर. आम्ही तिघांनीही पाहिलं. एकाने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर वळवली. मी म्हणालो, ‘बाई, प्रार्थनेत राहा. स्वतःला प्रभूच्या हाती द्या, घर मोडू नका.’ मग मीच प्रार्थना केली, चांगली लांब. त्या ‘आमेन’ म्हणाल्या आणि गेल्या.

त्या रात्री मला वाटलं होतं की आपण एक घर वाचवलं. खरं म्हणजे त्या बाईंचे यजमान रविवारी अर्पणाची थैली फिरवायचे, इमारतीच्या फंडात त्यांची पावती मोठी असायची, आणि गोष्ट पोलिसांत गेली तर वस्तीत मंडळीचं नाव जाणार होतं. आम्ही नाव वाचवत होतो. त्या खोलीत कुणाच्या तरी ‘मी’ने मरायला हवं होतं हे खरंच, तो आमचा तिघांचा होता. आम्ही आमचं मरण त्या बाईंच्या अंगावर ढकललं.

पुढे त्या बाई आपल्या भावाच्या मदतीने त्या घरातून बाहेर पडल्या. आता सातपूरला राहतात, कंपनीत कामाला आहेत. मागच्या वर्षी मी त्यांच्या दारात गेलो आणि माफी मागितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चहा केला. म्हणाल्या, ‘माफ केलं असं म्हणायला मला अजून वेळ लागेल, भाऊ.’ त्यांची तक्रार उरलेली होती आणि ती उरण्याचा त्यांना पुरा हक्क होता. हे कानांनी ऐकून आलेला मी, वर्षभरात बसून लिहितो की मेलेल्याला तक्रार उरत नाही! म्हणूनच तुमच्या प्रतिक्रियेने मला झोप लागू दिली नाही.

‘जिच्याकडे स्वतःचं काही उरलंच नाही’ हे तुमचे शब्द वाचून मला आपल्या शरणपूरची आठवण झाली. एकोणिसाव्या शतकात अरबी समुद्रावर गुलामांची जहाजं पकडली जात, त्यांतून सुटलेली आफ्रिकन मुलं नाशिकला शरणपूरच्या मिशनमध्ये ठेवली जात. विकली गेलेली मुलं. त्यांना अक्षर शिकवलं, सुतारकाम, लोहारकाम शिकवलं, हाताला काम आणि हक्काचं नाव दिलं. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. 1873 साली आफ्रिकेत मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन वारले, तेव्हा चुमा आणि सुसी या त्यांच्या आफ्रिकन सेवकांच्या पुढारपणाखाली त्यांच्या सोबत्यांनी तो देह महिनोन् महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला. हृदय तिथेच झाडाखाली पुरलं, त्या वेळची प्रार्थना जेकबने वाचली. हुकूम देणारा मागे कुणी उरला नव्हता. ते सगळे तिथूनच आपापल्या वाटेने जाऊ शकले असते. मोकळ्या माणसाने आपण होऊन खांदा देणं ते हे. योहानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू आपल्या प्राणाविषयी हेच म्हणतो, की तो कोणी माझ्यापासून घेत नाही, मी होऊन देतो. तुमच्या आईंकडून घेतलं गेलं. घेतलेल्याला ‘दिलं’ म्हणायला लावणं हे पाप आहे, आणि ते मंडळीने केलं.

जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांकडेही मी असाच पाहतो. जलालपूर आपल्या गोदाकाठचंच. नवऱ्याचा बाप्तिस्मा 1895 चा, त्यांचा 1900 चा. मधली पाच वर्षं त्या नवऱ्याच्या मागे मुकाट गेल्या नाहीत. रडल्या, भांडल्या, वेगळ्या राहिल्या, आपलं सोवळं सांभाळलं. सोवळं सुटलं ते त्यांच्या स्वतःच्या मनाला पटलं तेव्हा. मग मात्र कुणाच्या हातचं पाणी प्यायला त्या कचरल्या नाहीत. पुन्हा पंगत, बघा. अंत्युखियात पेत्र जे सोडू शकला नाही ते त्यांनी सोडलं.

इथवर मी तुमच्या बाजूने आहे. पण शेवटचं तुमचं म्हणणं मला मान्य करता येत नाही. ही शिकवण टाकून ‘स्वतःवर प्रेम करा’ एवढंच सांगायचं, तर ते तुमच्या आईंना कदाचित उपयोगी पडेल, मला नाही. कॅलेंडरकडे पाहणाऱ्याला नाही. आमचं स्वतःवर भरपूर प्रेम होतं. मी सातपूरला जायला इतकी वर्षं का लावली? जिना चढताना पाय जड का झाले? ‘मंडळीतला मान्यवर माणूस’ नावाचं जे काही मी जन्मभर पोसलं होतं ते तिथे मरणार होतं. मेलंही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उठून बसलं. मी माफी मागायला गेलो होतो हे चार जणांना सांगावं असं मला वाटायला लागलं. लूकच्या शुभवर्तमानात वधस्तंभ उचलण्याच्या वचनात ‘दररोज’ हा शब्द आहे, मत्तय-मार्कात नाही. तो का आहे हे मला त्या सकाळी कळलं.

आणि एक गोष्ट नीट पाहा. पौल ‘मी’ म्हणतो. पेत्राला रागावतानाही ‘तू खिळून घे’ असं म्हणत नाही. हे वचन दुसऱ्यावर उगारता येत नाही. ज्याने उगारलं त्याने ते वाचलेलंच नाही.

छाटणीच्या दाखल्याबद्दल तुम्ही विचारलंत, ‘कापत सुटणारा देव का?’ मी तो दाखला अर्धाच सांगितला होता, त्यामुळे हा प्रश्न रास्त आहे. माझा मेहुणा दिंडोरी तालुक्यात बाग करतो. एप्रिलची खरड छाटणी पाहिली तर नवख्याच्या पोटात गोळा येतो: काडी एकच डोळा, म्हणजे कोंब, ठेवून कापतात, ओलांडे, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्या, उघडे पडतात, मांडवाखाली भर उन्हात काड्यांचा खच. पण खोडाला, मुळाला कुणी हात लावत नाही. वेल तीच राहते. आणि मुख्य गोष्ट पुढे आहे. नव्या फुटीच्या डोळ्यांत साधारण चाळीस ते साठ दिवसांत सूक्ष्मघड, म्हणजे पुढच्या घडाचा न दिसणारा अंकुर, तयार होतो. बाहेरून काही दिसत नाही, नुसती हिरवी काडी. डोळ्यावर ऊन पडावं म्हणून मेहुणा पानांची गर्दी काढत राहतो. घड नजरेला पडतो तो ऑक्टोबर छाटणीनंतर. मधले महिने तो खतपाणी, फवारणी सगळं करतो ते त्या न दिसणाऱ्या घडाच्या भरवशावर. विश्वासाने जगणं मला त्या महिन्यांसारखं वाटतं. त्यात रोजचं काम आहे, पाणी आहे, औषधही आहे.

म्हणून गोळ्यांबद्दल माझ्या मनात कसलीही शंका नाही. ज्याने त्या बंद करायला लावल्या त्याने तुमच्या आईंवर अन्याय केला. पौलाच्या सोबतचा लूक वैद्य होता. त्याचा तरुण सहकारी तीमथ्य याचं पोट सारखं बिघडायचं तर पौलाने त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देव झेलेल, असं सांगणारा कोण होता हे सगळ्यांना माहीत आहे. गलती 2:20 मधला विश्वास कसला आहे ते तिथेच लिहिलं आहे: ज्याने माझ्यावर प्रीती केली व स्वतःला माझ्याकरता दिलं, त्याच्यावरचा. आधी त्याने दिलं. ज्या बाईला आपल्यावर प्रीती झाली आहे हे कुणी कधी दाखवलंच नाही, तिच्याकडे वचनाचा पहिला अर्धा भाग मागायला जाणं म्हणजे बी न पेरता घड मागणं.

मूळ लेखातलं ते वाक्य मी आज काढलं आहे. त्या जागी काय होतं आणि का काढलं हे खाली लिहिलं आहे, म्हणजे गुपचूप पुसलं असं होणार नाही. छाटणीचा भाग मी ठेवला आहे, वर लिहिलेली भर घालून. मंडळीच्या भगिनी मंडळात पुढच्या महिन्यात याच वचनावर बोलायला मला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं आहे आणि सातपूरच्या त्या बाईंना विचारून पाहा असं सुचवलं आहे. त्या येतील की नाही ते त्यांनी ठरवावं.

तुमच्या आईंबद्दल एक विनंती. त्यांना मी काही शिकवू इच्छित नाही, त्यांच्याकडून आमेन तर नकोच. त्यांची इच्छा असेल आणि तुम्हीही हो म्हणालात, तर मी येऊन त्यांच्या उजव्या बाजूला बसेन आणि तीस वर्षांत जे कुणी ऐकलं नाही ते ऐकेन. इच्छा नसेल तर उत्तरही देऊ नका, मी समजेन. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत ना, एवढं मात्र कळवा.